धोरण सल्लागारांच्या मुलाखती मिळवायच्या कशा? (तुलनात्मक संशोधनासाठी)

खारफुटी

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सध्या एक संयुक्त प्रकल्प हाती आहे. शहरात पाणी तुंबू नये म्हणून सरकारला सल्ला कोण देतं आणि तो निर्णयापर्यंत कसा पोचतो, याची नवी मुंबई आणि नेदरलँड्समधलं रॉटरडॅम अशी तुलना करायची आहे. जोडी उगाच निवडलेली नाही. आपल्याकडचे धारण तलाव सिडकोने डच धर्तीवरच केले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं.

तिकडच्या सहकारी बाईंनी ईमेल टाकले आणि महिनाभरात त्यांच्या बऱ्याचशा मुलाखती झाल्यासुद्धा. मी इकडे मंत्रालयापासून बेलापूरपर्यंत सगळीकडे ईमेल केले. उत्तर शून्य. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत".

तर विचारायचं असं: पत्र नेमकं कोणाला लिहावं? प्रश्न आधी पाठवावेत का? आणि रेकॉर्डिंगचं काय, विचारलं की माणूस बिथरतो का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

पारसिकचा बोगदा

ईमेलला उत्तर? ताई, तुम्ही खरंच नवी मुंबईतच राहता ना? हलकेच घ्या.

जावक क्रमांक

तीस वर्षांहून जास्त काळ मंत्रालयात काढून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता ठाण्यात असतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ईमेलवर वेळ घालवू नका. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं, मराठीत पत्र करा. वर ठळक 'विषय' आणि खाली 'संदर्भ' हवाच. ते आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. आवक क्रमांक पडला की ते पत्र कोणाच्या तरी टेबलावर 'प्रलंबित' दिसायला लागतं आणि प्रलंबित पत्र कोणालाच आवडत नाही. ईमेल मात्र न वाचताही खाली सरकतो.

दुसरं, पत्र सचिवांच्या नावाने द्या, पण मुलाखत फक्त त्यांचीच मागू नका. नस्ती, म्हणजे फाइल, खालून वर जाते. सहायक कक्ष अधिकारी टिपणी मांडतो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असं करत ती सचिवांपर्यंत पोचते. वरती बहुतेकदा एकच ओळ आणि सही पडते. सल्ल्याचे पर्याय कोणते ठेवायचे आणि कोणते मांडायचेच नाहीत हे खालच्या दोन-तीन टेबलांवर ठरलेलं असतं. साहेबांकडून तुम्हाला धोरण ऐकायला मिळेल. ते कसं झालं ते उपसचिवाच्या खालचा माणूस सांगेल, तेही चहा पाजलात तर.

तिसरं म्हणजे कॅलेंडर बघा. मार्चच्या आसपास अर्थसंकल्पी अधिवेशन, जून-जुलैत पावसाळी, डिसेंबरात अख्खं मंत्रालय नागपूरला. अधिवेशन चालू असताना लक्षवेधी आणि तारांकित प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात सगळे गुंतलेले असतात. त्या काळात वेळ मागणारा माणूस डोक्यात जातो. निवडणूक लागली तर आचारसंहिता हे नाही म्हणायचं सर्वमान्य कारण आहेच. तुमचा विषय पाण्याचा, म्हणजे जून ते सप्टेंबर अभियंतेही मिळणार नाहीत. उरलं काय ते तुम्हीच मोजा.

मासुंदा

> उरलं काय ते तुम्हीच मोजा

मोजलं. दिवाळीची सुट्टी उरली.

सौदामिनी

जावक क्रमांक काकांशी बऱ्याच अंशी सहमत, पण पत्राच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. पीएचडीसाठी पाणीपुरवठ्यावर काम करताना मी आधी पत्र दिलं, ती घोडचूक नव्हे पण त्याने फारसं काही झालं नाही. पत्राचं उत्तर 'आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव अमुक विभागाकडे वर्ग केले आहे' असं येतं. मग तो अमुक विभाग ते तमुककडे पाठवतो. खरी दारं उघडली ती निवृत्त अधीक्षक अभियंत्यांमुळे. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, सांगण्याची हौस असते आणि त्याचे कनिष्ठ आज मोठ्या खुर्च्यांवर असतात. त्यांनी एक फोन केला की "मॅडम, उद्या सकाळी दहाला या".

प्रश्न आधी पाठवावेत का? माझं मत, प्रश्नावली अजिबात पाठवू नका. प्रश्नावली गेली की ती खाली 'माहिती सादर करण्यास' जाते आणि तुमच्या हातात टंकलिखित उत्तरं येतात. साहेब तीच वाचून दाखवतात. विषयाचे चार मुद्दे पाठवा, बाकी समोरासमोर.

कोपरी पूल

सौदामिनीताई, इथे मात्र मतभेद. म्हणजे वशिला हीच संशोधन पद्धती असं म्हणायचं का? एका निवृत्त साहेबांनी ओळखी करून दिल्या की तुमचा नमुना त्यांच्या गोतावळ्याचा झाला. त्यांचं ज्यांच्याशी पटत नव्हतं ते तुम्हाला कधी भेटणारच नाहीत. रॉटरडॅमला थेट पदांना लिहून मुलाखती आणि इथे ओळखीतून, मग फरक देशांचा सापडला की निवड पद्धतीचा?

सौदामिनी

मुद्दा मान्य, पण उपाय सांगा ना. मी तरी तीन वेगवेगळ्या टोकांनी ओळखी काढल्या होत्या: एक अभियंता, एक लेखा विभागातले आणि एक माजी नगरसेवक. हे तिघं एकमेकांना फारसे विचारत नसत. शिवाय प्रबंधात कोण कोणामुळे भेटलं ते स्पष्ट लिहिलं. वशिल्याशिवायची मुंबई कोणी पाहिली असेल तर पत्ता द्यावा.

भरती-ओहोटी

निवृत्त स्थापत्य अभियंता. नवी मुंबईच्या नियोजनात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे धाग्याचं नाव बघून आत आलो.

ताई, तुमच्या विषयात एक अडचण आहे, ती आधी बघा. रॉटरडॅमसारखा एक पत्ता तुम्हाला इथे मिळणार नाही. तलाव सिडकोने बांधले. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला आली, पुढे देखभाल तिच्याकडे गेली. तलावात गाळ साठला, गाळावर खारफुटी उगवली (तुमचं नाव त्यावरूनच घेतलंय का?). आता गाळ काढायचा तर खारफुटी आडवी येते, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली. सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे या एका गाळाबद्दल सल्ला देणारे किती झाले बघा: महापालिकेचा अभियांत्रिकी विभाग, वनखात्याचा कांदळवन कक्ष, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, अहवाल लिहिणारी तांत्रिक संस्था आणि वकील. शेवटच्या माणसाला विसरू नका. कित्येकदा धोरणाचा मसुदा आधी प्रतिज्ञापत्रात दिसतो आणि मग शासन निर्णयात.

त्यात २०२० नंतर कित्येक वर्षं महापालिकेत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासकांचं राज्य होतं. स्थायी समितीत होणारी भांडणं हा सुद्धा सल्ल्याचाच एक प्रकार. त्या वर्षांचं इतिवृत्त वाचा, किती शांत शांत वाटतं.

मासुंदा

काका, प्रतिज्ञापत्राचा मुद्दा भारी. वाचनखूण साठवली.

डाइकवरून

मूळचा नौपाड्याचा, आता डेल्फ्टला. तिकडची बाजू सांगतो, कारण 'ईमेल टाकला आणि मुलाखत मिळाली' यावरून ते लोक फार मोकळे असतात असा समज होईल.

इथे सल्ला देणाऱ्या संस्थाच वेगळ्या काढलेल्या आहेत. १९५३ च्या पुरात १८३६ माणसं गेली, त्यानंतर डेल्टा आयोग बसला आणि समुद्राशी लढायचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं झालं. २०१२ च्या डेल्टा कायद्यानंतर एक डेल्टा आयुक्त असतो. तो दरवर्षी पूररक्षणाचा कार्यक्रम मांडतो आणि तो सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी अर्थसंकल्पाबरोबर संसदेत जातो. खाली २१ पाणी मंडळं, त्यांच्या निवडणुका होतात, कर ती स्वतः गोळा करतात. आमच्या भागातलं डेल्फलंडचं मंडळ १२८९ पासूनचं आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला रामदेवराय यादव राज्य करत होता तेव्हापासून. आर्थिक अंदाजांसाठी १९४५ पासूनचं नियोजन ब्यूरो आहे, त्याचे पहिले संचालक अर्थशास्त्रज्ञ टिंबर्गेन. अशा संस्थेतल्या माणसाला संशोधकाशी बोलणं हा नोकरीचा भाग वाटतो. मोकळेपणा स्वभावात असेल नसेल, तो कामाच्या यादीत आहे.

पण बोलतात ते छापील अहवालात असलेलंच, जरा जास्त चांगल्या इंग्रजीत! आत कोणी काय म्हटलं ते नाही सांगत. २०२२ च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या खुल्या प्रशासनाच्या कायद्यातही अंतर्गत चर्चेतली वैयक्तिक धोरणमतं झाकायला जागा आहे, द्यायची वेळ आली तरी नाव काढून देतात.

माहिती मागणारा

डाइकवरून यांच्या शेवटच्या वाक्यावर टाळी. आणि आता इकडची गंमत ऐका. आपल्याकडे टिपणी ही माहिती आहे. २००६ मध्ये केंद्राने टिपण्या वगळायची दुरुस्ती आणायचा प्रयत्न केला होता, ओरड झाल्यावर ती मागे पडली. तेव्हा माहिती अधिकारात नस्तीचं अवलोकन मागा. टिपणी पान, सही आणि तारखेसकट तुमच्यासमोर येतं. मंत्रिमंडळाची कागदपत्रं कलम ८(१)(झ) खाली अडवतात, पण निर्णय होऊन विषय संपल्यावर ती कारणांसह खुली करायची असं त्याच कलमात लिहिलंय.

म्हणजे तिकडे माणूस भेटतो पण त्याचं नाव असलेला कागद नाही, इकडे नावासकट कागद मिळतो पण माणूस तोंड उघडत नाही. खारफुटी ताई, तुमचा अर्धा प्रबंध इथेच झाला.

व्यवहाराचं: महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांचा. शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर, नाहीतर प्रथम अपील. 'का' असं विचारू नका, 'का' ही माहिती नाही असं उत्तर येतं. 'प्रत द्या', 'अवलोकन करू द्या' असं लिहा.

जावक क्रमांक

अवलोकनाला माझा पाठिंबा. पण एक सांगतो, ज्या अधिकाऱ्याची मुलाखत हवी त्याच्याच कार्यालयात त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. कायद्याने तुम्ही बरोबर असाल, पण तो माणूस तुमच्याकडे वादी म्हणून बघायला लागतो. आधी अर्ज, मग दोन-तीन महिने जाऊ द्या, मग भेट. किंवा अर्ज सहकाऱ्याच्या नावाने करा.

माहिती मागणारा

सहकाऱ्याच्या नावाने का? नागरिकाने माहिती मागितली तर लपायचं कशाला? हीच मानसिकता...

जावक क्रमांक

मानसिकता कशी असावी ते तुम्ही सांगताय, कशी आहे ते मी सांगतोय. ताईंना मुलाखत हवी आहे, आंदोलन नाही.

पारसिकचा बोगदा

काकांनी नस्ती निकाली काढली. २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या कायद्यात एका टेबलावर कामाचे सात दिवस दिलेत, काकांनी सात मिनिटांत उरकलं.

कोपरी पूल

त्याच कायद्यात बदलीचं पण आहे ना? साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ. तो प्रत्यक्षात किती पाळला जातो ते जाऊ द्या, पण संशोधकाला त्याचा मोठा त्रास. २०१८ चा निर्णय ज्याने हाताळला तो आज गडचिरोलीत किंवा दुसऱ्याच खात्यात. खुर्चीवरच्या माणसाला विचारलं तर "माझ्या आधीचं आहे". तो खोटं बोलत नसतो.

इंद्रायणी

अवांतर: मंत्रालयात जाणार असाल तर ओळखपत्र सोबत ठेवा, बाहेरच्यांना साधारणपणे दुपारनंतरच सोडतात. सकाळची वेळ दिली असेल तर साहेबांच्या पीएला खाली नाव कळवायला सांगा, नाहीतर अकराची भेट अडीचला होते. आणि पीएशी गोड बोला. साहेब बदलतात, पीए बहुतेकदा तिथेच असतो.

मासुंदा

अवांतराला अवांतर: ठाण्यात मुलाखती असतील तर तहसील कचेरीजवळ सकाळी ठेवा. मामलेदारची मिसळ खाऊन कुठलाही उपअभियंता खरं बोलतो.

सौदामिनी

मासुंदा, ती मिसळ खाऊन माणूस बोलूच शकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये नुसते हुंदके.

पारसिकचा बोगदा

रस्सा कमी घ्यायला सांगायचं. मुलाखत असेल तर दही मागवा.

(इथे तिखटावर बरीच पानं गेली, ती संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवली आहेत.)

नितळ

रेकॉर्डिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. मी आमच्या संस्थेच्या नीतिविषयक समितीवर आहे. संमतीपत्रात 'आपले नाव गुप्त ठेवले जाईल' असं सगळे लिहितात. पण नवी मुंबईत धारण तलावांशी संबंधित 'वरिष्ठ अभियंता' असे किती असणार? एक-दोन. तुम्ही नाव काढलंत तरी कार्यालयात पहिल्याच वाक्याला ओळखतील. त्यामुळे खोटं वचन देऊ नका. सरळ सांगा, की पद धूसर करू, वर्ष धूसर करू, वाक्य छापण्याआधी तुम्हाला दाखवू, आणि तरीही ओळख पटण्याची शक्यता आहे. हे ऐकून काही नाही म्हणतील, म्हणू द्यात.

सेवेतल्या माणसाला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला वर्तणूक नियमांची आडकाठी असते, भाप्रसेला (आयएएसना) १९६८ चे आणि राज्य सेवेला १९७९ चे. "तुमचं मत काय" हा प्रश्न त्याला थेट अडचणीत टाकतो. "त्या वेळी कोणकोणते पर्याय समोर होते" हा प्रश्न चालतो.

रेकॉर्डर टेबलावर ठेवूच नका असं मी म्हणणार नाही. पण आधी अर्धा तास वहीवर घ्या. मग विचारा, "एवढा तांत्रिक भाग रेकॉर्ड करू का, आकडे चुकायला नकोत." तांत्रिक भागाला शक्यतो नाही म्हणत नाहीत.

भरती-ओहोटी

आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नका! दारापर्यंत सोडायला येताना माणूस खरं बोलतो.

नितळ

तेच तर. ते वाक्य वापरायचं असेल तर पुन्हा विचारा, संमती बैठकीची होती, दाराची नाही.

करावेगावकर

सगळं वाचलं. सल्लागार, आयुक्त, सचिव. आमच्या गावाला खाडीचं पाणी कधी कुठून शिरतं ते आमचे म्हातारे सांगत होते, तेव्हा वही घेऊन कोण आलं नाही. झडप जाम झाली की ती हाताने कोण उघडतो ते पण विचारा एकदा. त्याला अपॉइंटमेंट लागत नाही.

खारफुटी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. हो भरती-ओहोटी काका, नाव त्यावरूनच.

करावेगावकर, तुमचं म्हणणं पोचलं. प्रकल्पाच्या आराखड्यात फक्त 'सल्लागार' आहेत, पण झडपेवरच्या माणसाशी बोलल्याशिवाय आतल्या माणसाला काय विचारायचं तेच कळणार नाही, हे आता दिसतंय. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते.

कोपरी पूल यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. डेल्टा आयुक्ताच्या जोडीला इथे मी कोणाला बसवू? 'मित्रा' ही राज्याची संस्था २०२२ ला नीती आयोगाच्या धर्तीवर झाली, ती घ्यावी का? की महापालिका आयुक्त?

कोपरी पूल

कोणालाच बसवू नका. पदाला पद जोडायला गेलात की फसणार. मित्रा आख्ख्या राज्याचं बघते, तुमच्या गाळाचं नाही. एकेक निर्णय निवडा. इकडे तलावातला गाळ काढायचा की नाही, हा. तिकडे रॉटरडॅमने चौकात पाणी साठवायचं ठरवलं, बेंथेमप्लाइनचा तो जलचौक २०१३ चा, तो घ्या. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: पावसाचं पाणी काही तास थांबवायला शहरात जागा कोणाची वापरायची. मग त्या निर्णयाला ज्याचा ज्याचा हात लागला त्याच्याकडे जा. तिकडे पाणी मंडळ आणि वास्तुरचनाकार निघतील, इकडे कांदळवन कक्ष आणि वकील निघेल. यादी वेगळी निघाली तर निघू दे, तीच तुमची तुलना.

डाइकवरून

+१. आणि तुमच्या सहकारी बाईंना सांगा, जलचौकाबद्दल शेजारच्या शाळेतल्या लोकांनाही विचारा. मुलं खेळतात तिथे पाणी साठवायचं म्हटल्यावर पालक काही गप्प बसलेले नसणार.

भरती-ओहोटी

एक भर. २६ जुलै २००५ नंतर माधवराव चितळ्यांची समिती बसली होती, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता त्या वेळची. तो अहवाल मुंबईचा आहे, तरी मुलाखतीला जाण्याआधी वाचा. आमच्या पिढीचे अभियंते बोलताना त्याचा हवाला देतात आणि समोरच्याने वाचलाय असं दिसलं की सूर बदलतो. पहिली दहा मिनिटं तो तुमची परीक्षा घेत असतो.

सौदामिनी

हे शंभर टक्के. मला एकांनी आधी क्युसेक आणि एमएलडी या पाणी मोजायच्या एककांतला फरक विचारला होता.

खारफुटी

ठरलं मग. आधी कागद: इतिवृत्त, प्रतिज्ञापत्रं, नस्तीचं अवलोकन. मग निवृत्त मंडळी, वेगवेगळ्या टोकांची. सेवेतल्या अधिकाऱ्यांना पत्र अधिवेशन संपल्यावर. काका, पत्राचा विषय असा लिहू का: 'शहरी पूर व्यवस्थापन धोरणनिर्मिती प्रक्रियेच्या तुलनात्मक अभ्यासाकरिता मुलाखत देणेबाबत'?

जावक क्रमांक

'मुलाखत' काढा. मुलाखत वाचली की पत्रकार समजून जनसंपर्क शाखेकडे वर्ग करतील. 'शैक्षणिक अभ्यासाकरिता चर्चेसाठी वेळ मिळणेबाबत' असं करा. आणि 'धोरणनिर्मिती'च्या जागी 'धारण तलाव देखभाल' घाला, म्हणजे पत्र योग्य टेबलावर पडेल. संमतीपत्रात मात्र मुलाखत असंच स्पष्ट लिहा, नितळ रागावतील. मसुदा मला पाठवा, लाल शाईने करून देतो.

नितळ

रागावणारच होते. वाचले काका.

पारसिकचा बोगदा

ताई, पत्रासोबत परतीचं पाकीट तिकीट लावून जोडा बरं. 'आपले पत्र वर्ग केले आहे' हे तरी वेळेत येईल.